कातडं आणि उजेड

धर्मावरम म्हटलं की रेशमी साड्या आठवतात. आंध्र प्रदेशातल्या या गावाजवळच निम्मलकुंटा आहे. पूर्वी हा भाग अनंतपूर जिल्ह्यात होता, २०२२ पासून तो श्री सत्य साई जिल्ह्यात मोडतो. निम्मलकुंट्यातली काही कुटुंबं पिढ्यानुपिढ्या बकऱ्याच्या कातड्यावर चित्रं काढत, ती कापत, रंगवत आणि त्यांच्यामागे दिवा लावत आली आहेत. हे सगळं व्हायचं ते पडद्यावर रात्रभर चालणाऱ्या खेळासाठी. तेलुगूत त्याला तोलु बोम्मलाटा म्हणतात, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. गेल्या काही दशकांत याच कुटुंबांनी दिवे बनवायला घेतले : टेबलावर ठेवायचे, जमिनीवर उभे राहणारे, छताला टांगायचे. जोडीला अंगावर घालायच्या लहान वस्तू आल्या, विशेषतः कानातली. या दिव्यांबद्दल आणि कानातल्यांबद्दल बोलताना सहानुभूतीचा सूर लागतो. खेळ बंद पडत गेले, पोटासाठी कलावंत लॅम्पशेड करू लागले, असं म्हटलं जातं. खेळ कमी झाले आणि पोटाचा प्रश्न होता, हे दोन्ही खरं आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष, म्हणजे दिवा हा बाहुलीचा उरलासुरला अवशेष आहे, हा मला चुकीचा वाटतो. निम्मलकुंट्याचा चांगला दिवा हे स्वतंत्र शिल्प आहे. बाहुलीपुढे कधीच न आलेले प्रश्न त्याच्यापुढे आले आणि ते ज्याने सोडवले तो माणूस वारसा सांभाळणारा आहेच, शिवाय डिझायनरही आहे. त्याच्या कामाकडे तसंच पाहिलं पाहिजे, हे या प्रस्तावनेचं म्हणणं आहे.

मराठी वाचकाला या गावाची ओळख असायला एक खास कारण आहे. खेळ तेलुगूत होतो, गाणी तेलुगूत आहेत, पण ही कुटुंबं घरात मराठीची एक बोली बोलतात. आडनावं पाहिली तर शिंदे सापडतात, दळवाई सापडतात. कर्नाटकात बाहुल्यांचा असाच खेळ करणारा किळ्ळेक्यात समाजही घरी मराठीचीच बोली बोलतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीबरोबर चामड्याच्या बाहुल्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तर त्याच्या आदल्या वर्षी निम्मलकुंट्याच्या दळवाई चलपती राव यांना. सतराव्या शतकात मराठे दक्षिणेत उतरले, तंजावरला त्यांचं राज्य झालं, आणि त्या हालचालींबरोबर हे कलावंतही खाली गेले असावेत असा तर्क केला जातो. तर्क पटण्यासारखा आहे, पण त्यावरून ही कला मूळची आमची असं म्हणणं बरोबर नाही. पाल्कुरिकि सोमनाथाच्या ‘पंडिताराध्य चरित्र’ या जुन्या तेलुगू ग्रंथात चामड्याच्या बाहुल्यांचा उल्लेख आहे आणि तो ग्रंथ मराठ्यांच्या दक्षिणेतल्या राज्याच्या कितीतरी आधीचा. बाहुल्यांच्या वेशभूषेचं आणि दागिन्यांचं नातं अभ्यासक निम्मलकुंट्याच्याच जिल्ह्यातल्या लेपाक्षीच्या वीरभद्र मंदिरातल्या विजयनगरकालीन छतचित्रांशी जोडतात. माणसं मराठी बोलतात, कथा तेलुगूत सांगतात आणि रेषा विजयनगरची काढतात. या कलेत परंपरा नेहमीच एकमेकींत मिसळत आल्या आहेत, म्हणून दिवा आला तेव्हा शुद्ध काहीतरी पहिल्यांदाच बाटलं असं मानायला आधार नाही.

आता वस्तूकडे वळू, कारण वाद सुटेल तो तिच्या घडणीतच. चपलेचं किंवा पट्ट्याचं चामडं कमावलेलं असतं, त्यातून उजेड जात नाही. बाहुलीचं कातडं कमावत नाहीत. ते गरम पाण्यात भिजवून केस आणि मांसाचा थर खरवडून काढतात, ताणून वाळवतात, आणि मग ते मधाच्या रंगाचं, उजेड झिरपू देणारं होतं. पूर्वी देवांसाठी आणि नायकांसाठी हरणाचं कातडं वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते थांबलं आणि आता काम चालतं ते बकऱ्याच्या कातड्यावर. बाहुली सपाट असते. पाटावर कातडं पसरून त्यावर रेघ ओढायची, आकार कापायचा, हात खांद्यात आणि कोपरात वेगळे जोडायचे. दिव्याची गोष्ट वेगळी. आधी लोखंडी तारेचा सांगाडा करायचा आणि त्यावर ओलं कातडं ओढून शिवायचं. डफावर चढवलेलं कातडं जसं वाळताना आवळत जातं तसंच हेही आवळतं. इथे मात्र ते एका गोल कड्यावर न बसता अनेक कड्यांमधून, फासळ्यांवरून जातं, आणि दोन कड्यांमधल्या जागेत आपोआप आतल्या बाजूला ओढलं जातं. दिव्याला आलेली कंबर, खांदा, मडक्यासारखी मान कुणी कातड्यावर रेखाटलेली नसते. तारा कुठे आणि किती अंतरावर ठेवायच्या एवढं माणूस ठरवतो, उरलेली वळणं कातडं स्वतः आकसून घेतं. तार थोडी इकडची तिकडे झाली की बाक बदलतो, फासळ्या फार जवळ आल्या तर पिंजरा दिसतो, फार लांब गेल्या तर कातडं पोकळीत खचतं. शिल्पकार दगडाच्या शिरांचा अंदाज घेतो म्हणतात, तो अंदाज इथे ताणाचा घ्यावा लागतो. ही विद्या सपाट बाहुली करताना लागत नव्हती. ती दिव्यासाठीच मिळवावी लागली.

दुसरी गोष्ट छिद्रांची. बाहुलीवरचे दागिने म्हणजे बहुतेक छिद्रंच असतात. निरनिराळ्या तोंडाच्या बारीक पटाशांनी कातड्यात ठिपके, चंद्रकोरी, पाकळ्या पाडतात, आणि मागे दिवा लागला की रंगीत अंगावर हार, बाजूबंद, मुकुटाचे खडे लखलखायला लागतात. सोनं दाखवण्यासाठी इथे काही चिकटवत नाहीत, कातडं काढून टाकतात. खेळात हे छिद्र एकाच बाजूने दिसायचं : बाहुली पडद्याला टेकलेली, प्रेक्षक पलीकडे, दिवा मागे. लॅम्पशेडला वेगळा पडदा नाही, कातडंच पडदा. प्रत्येक छिद्र खोलीत उजेडाचा एक ठिपका टाकतं. भिंतीवर, छतावर, टेबलाच्या कडेवर तो कुठे पडणार, केवढा होऊन पडणार, याचाही विचार करावा लागतो. शिवाय दिव्याभोवती फिरता येतं, त्यामुळे चित्राला सुरुवात आणि शेवट राहत नाही. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे दिवस. खेळ संपला की बाहुली पेटीत जाते, उजेडाशिवाय तिला कुणी पाहत नाही. दिवा मात्र विझलेला असतानाही टेबलावर असतो, समोरून उजेड पडलेला, मळकट पिवळा, काळ्या रेघांचा. दोन्ही अवस्थांत त्याला उभं राहायचं आहे. निम्मलकुंट्याचे सगळेच दिवे हे करू शकत नाहीत, हे स्पष्ट लिहायला हवं. पंचतारांकित हॉटेलांच्या आणि सरकारी एम्पोरियमांच्या मागणीला पुरवठा करताना सरळ नळकांडं घेऊन त्याच्याभोवती हनुमान, दशावतार किंवा मोर-पोपट गुंडाळले जातात. अशा दिव्यात सांगाड्याला काम नाही आणि छिद्रांनाही. चित्र छापील कागदाचं असतं तरी फरक पडला नसता. चांगल्या दिव्यात रेघ तारेच्या वळणाबरोबर चालते, जिथे कातडं सर्वांत तंग तिथे छिद्रं विरळ असतात आणि खालच्या घेराशी दाट होतात, रंग दिवसाच्या उजेडात झाकोळून जातात पण रेघ जागच्या जागी राहते. समीक्षेचं काम हा फरक सांगणं आहे. सरसकट ‘सुंदर हस्तकला’ म्हणून कौतुक केलं की चांगला दिवा करणाऱ्याचं आणि नळकांडं रंगवणाऱ्याचं मोल एकच ठरतं, आणि त्यात तोटा चांगल्याचा होतो.

दिवा शिल्प असू शकतो का, हा प्रश्न जगात इतरत्रही विचारला गेला आहे. १९५१ मध्ये इसामू नोगुची हा जपानी-अमेरिकी शिल्पकार जपानमधल्या गिफू शहरात गेला. तिथे बांबूच्या काड्या आणि तुतीच्या सालीचा हातकागद यांचे कंदील बनत. त्याने ती पद्धत घेऊन ‘अकारी’ नावाचे दिवे केले आणि पुढे आयुष्यभर नवनवे आकार करत राहिला. १९८६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात त्याने शिल्पांच्या बरोबरीने हे दिवे मांडले. त्या प्रदर्शनाचं शीर्षकच शिल्प म्हणजे काय असं विचारणारं होतं. दिवे दुकानात मिळतात, एकासारखे अनेक असतात, म्हणून ते शिल्प नव्हेत, हा आक्षेप त्याच्याही वाट्याला आला. आज संग्रहालयांत अकारी आहेत आणि तो आक्षेप फारसा कुणी घेत नाही. निम्मलकुंट्याशी तुलना करताना मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. गिफूच्या कंदिलाचा आकार लाकडी साच्यावर आधी ठरतो. साच्याभोवती बांबू गुंडाळायचा, कागद चिकटवायचा, मग साचा आतून सुटा करून काढून घ्यायचा. निम्मलकुंट्यात साचा नाही. आकार शेवटपर्यंत कातड्याच्या आकसण्यावर अवलंबून असतो, म्हणून दोन दिवे तंतोतंत सारखे होत नाहीत. शिल्प ठरवण्याची कसोटी साहित्याशी झालेली झटापट ही असेल, तर निम्मलकुंट्याची बाजू तसूभरही कमी नाही. कमी आहे ती नावाची. अकारी म्हटलं की नोगुचीचं नाव येतं, गिफूत कागद चिकटवणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नसतात. निम्मलकुंट्यात सांगाडा बांधणारा, रेघ ओढणारा, रंगवणारा सगळे एकाच घरातले, आणि आपण त्या सगळ्यांना मिळून ‘परंपरा’ म्हणतो.

यावर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाचा असतो आणि तो आदरानेच ऐकला पाहिजे. तो म्हणतो, खेळात रावण चालायचा, बोलायचा, हार्मोनियम आणि मृदंग वाजायचे, झांजा खणखणायच्या, पडद्यामागे नाचणाऱ्या पायांखाली फळ्या वाजायच्या, केतिगाडू आणि बंगारक्का ही विनोदी पात्रं गावातल्या माणसांची चेष्टा करून हशा पिकवायची. दिव्यावरचा रावण गप्प असतो. त्याच्या दहा तोंडांतून एकही शब्द येत नाही. मूळ वस्तूचा प्राणच काढून घेतला आणि सालपट विकायला ठेवलं, असं त्याचं म्हणणं. दिव्यावरचा रावण गप्प असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. कथा सांगण्याचं काम दिव्याला जमत नाही आणि ज्या दिव्याला ते जमवायची हौस असते तोच बहुधा फसतो. कथा सांगणं ही आवाजाची, वेळेवर टाकलेल्या विनोदाची, रात्रभर जमलेल्या गावाची कला आहे, तिचं नुकसान दिव्याने भरून निघत नाही. पण खेळाला प्रेक्षक कमी झाले ते आधी सिनेमामुळे, मग दूरचित्रवाणीमुळे. दिवे त्यानंतरचे. दिव्यांनी खेळ मारला असता तर दिवे बंद केल्यावर तो परत आला असता, आणि असं कुणीच म्हणत नाही. उलट दिव्यांमुळे कातडं साफ करणारे, पटाश्या हाताळणारे, रेघ जाणणारे हात गावात राहिले. खेळ पुन्हा उभा करायचा असेल तर बाहुल्या करायला हेच हात लागतील. हा व्यवहारी मुद्दा झाला. माझा मूळ मुद्दा त्याहून पुढचा आहे. बाहुलीचं काम दिवा करत नाही म्हणून दिवा उणा ठरत नाही. तो वेगळं काम करतो, आणि ते काम तो किती चांगलं करतो, एवढंच त्याला विचारायला हवं.

दुसरा आक्षेप कलाजगतातून येतो. हे कारागीर ठरलेल्या आकृत्या पुन्हा पुन्हा काढतात, त्यात व्यक्तीची कल्पना कुठे आहे, मग त्यांना कलावंत-डिझायनर कसं म्हणायचं? आंध्रच्या चामड्याच्या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते एका प्रदेशाच्या समूहाला मिळतं, मग व्यक्ती आणायची कशाला? मानांकनाने नक्कल रोखायला मदत होते, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण समूहाचं श्रेय आणि व्यक्तीचं श्रेय एकमेकांना वगळत नाहीत. किराणा घराण्याची गायकी अनेकांची आहे, तरी गाणं ऐकताना कोण गातंय हे आपण विचारतोच. बाहुलीच्या रेषेत राजाच्या मुकुटाची घडण ठरलेली असेल, पण तारेच्या सांगाड्याला जुनी परंपराच नव्हती. उभा दिवा तीन पायांवर ठेवायचा की एका, कातडं वरच्या कड्याला दुमडून शिवायचं की वादी ओवून, बल्ब आतून दिसू द्यायचा की नाही, या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पहिल्यांदा निर्णय घेतला. ते निर्णय घेणाऱ्यांची नावं त्या घरांत माहीत आहेत. दुकानातल्या चिठ्ठीवर मात्र बहुतेक वेळा गावाचं नाव आणि किंमत, एवढंच असतं. पद्म पुरस्काराच्या यादीत कलावंताचं नाव घेता येतं, मग दिव्याच्या तळाशी का घेता येऊ नये?

कानातल्यांकडे आलं की आक्षेप आणखी धारदार होतो. या कलेचा जीव आरपार जाणारा उजेड, आणि कानात लटकणाऱ्या तुकड्यामागे तर मान आणि केस. मग चामड्याच्या बाहुलीचा त्यात उरला काय, फक्त नक्षी? काही कानातल्यांच्या बाबतीत उत्तर हो असंच आहे. देवाचं तोंड लहान करून आकड्याला टांगलं की ते कातड्यात केलं काय आणि प्लास्टिकमध्ये केलं काय. पण न कमावलेल्या कातड्याचा एक गुण इथे कामी येतो : ते अतिशय हलकं आणि तरी ताठ असतं. तळहाताएवढं कानातलं कानाला ओझं होत नाही, आणि त्या आकारामुळे छिद्रांना पुन्हा जागा मिळते. उजेड समोरून किंवा बाजूने आला की छिद्रांची सावली मानेवर पडते आणि डोकं वळलं की हलते. बाहुलीच्या अंगावर जो दागिना म्हणजे नुसती काढून टाकलेली जागा होता, तो आता तिच्या अंगावरून सुटून माणसाच्या अंगावर आला. रंगांपेक्षा छिद्रांच्या आणि कडांच्या भरवशावर उभी असलेली कानातली म्हणूनच मला जास्त बरोबर वाटतात. अंगावरच्या चामड्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात कोल्हापुरीची आठवण होणारच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या, मूळ कारागिरांचा उल्लेख न करता. ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. तेव्हा आपण सगळे रागावलो, आणि रागावणं योग्य होतं. पण आपल्या घरातल्या कोल्हापुरी जोडाची वीण कुणी ओवली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? परदेशी कंपनीकडून जे नाव आपण मागतो ते आपणही द्यायला हवं, कोल्हापुरातही आणि निम्मलकुंट्याच्या बाबतीतही.

मुळात कातडंच कशाला, असं विचारणारेही आहेत. प्राणिजन्य वस्तू वापरू नये असं मानणाऱ्याचं मन या प्रस्तावनेने बदलणार नाही आणि बदलावं असा माझा आग्रहही नाही. ज्या बकऱ्यांचं कातडं इथे येतं त्या मांसासाठी कापलेल्या असतात, एवढं सांगणं पुरेसं आहे. कागद किंवा कृत्रिम पत्रा वापरून दिवा जरूर करता येईल, पण आकसून आकार घेणं हा गुण त्यात नसेल आणि तो दुसरा दिवा असेल. आपल्या समाजात चामड्याला हात लावणाऱ्याला हलकं लेखण्याची जी जुनी सवय आहे, ती अशा प्रश्नाआड लपत नाही ना, हे मात्र प्रत्येकाने तपासून पाहावं.

राहिला दिव्याचा आतला भाग. तेलाच्या दिव्यामागून बाहुली किंचित थरथरायची, कारण ज्योत हलायची. विजेचा बल्ब आला तेव्हा बाहुली स्थिर झाली आणि उजेड पिवळसर राहिला, त्यामुळे लाल रंग पेटून उठायचे. पण तापलेला बल्ब कातड्याजवळ आणता येत नव्हता. उष्णतेने ते काळवंडतं, अधिकच आकसतं आणि शिवणीला ताण देतं, म्हणून सांगाड्याला पोट ठेवावंच लागायचं. एलईडी फारसा तापत नाही. आता सांगाडा हाताच्या मनगटाएवढा अरुंद करता येतो, कातडं उजेडाच्या अगदी जवळ आणता येतं, लांब वळणाऱ्या नळीसारखे, शेंगेसारखे आकार शक्य झाले आहेत. उलट पांढरा, थंड एलईडी लावला की तेच लाल विटकरी दिसतात आणि कातड्याचा मधासारखा रंग राखाडी होतो. बनवणाऱ्याने रंग एका उजेडात पाहून लावले आणि घेणाऱ्याने दिवा दुसऱ्याच उजेडात लावला, तर त्या रंगांची दोघांनाही ओळख पटणार नाही. म्हणून यापुढे निम्मलकुंट्याच्या दिव्याची नोंद करताना, मग ती संग्रहालयाची असो, पुस्तकाची असो वा दुकानाची, तीन गोष्टी लिहाव्यात अशी माझी विनंती आहे : सांगाडा कुणी बांधला, रेघ कुणी ओढली, आणि आत कोणत्या उजेडाचा बल्ब धरून हे रंग निवडले.